घरच्या नेक्स्टक्लाउडमधल्या फायली लिनक्सवर: विहीर की रांजण?

घरात नेक्स्टक्लाउडचा, म्हणजे फायली ठेवण्याच्या स्वतःच्या क्लाउडचा, सर्व्हर बसवला की पहिले काही आठवडे सगळे खूश असतात. फोनमधले फोटो आपोआप वर जातात, ब्राउझर उघडला की कागदपत्रं समोर. मग कोणीतरी लॅपटॉपवर खरंखुरं काम करायला बसतं. फाइल ब्राउझरमधून उतरवायची, बदलायची, पुन्हा चढवायची. तीन दिवसांत डाउनलोड्समध्ये ‘हिशेब’, ‘हिशेब (१)’, ‘हिशेब नवीन’ आणि ‘हिशेब नवीन खरा’. आमच्या ताईने सोसायटीच्या हिशेबाची अशी पाच भावंडं जन्माला घातली होती. त्यातलं थोरलं कोण आणि धाकटं कोण हे ठरवण्यात अख्खा रविवार गेला.

ताईच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. लिनक्सवर या दुखण्याला एक नाही, चार औषधं आहेत, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. लोक चारही एकदम घेतात, किंवा भलतंच घेतात. म्हणून काहीही इन्स्टॉल करण्याआधी एक प्रश्न सोडवा: या फायली तुम्हाला जागेवरच वापरायच्या आहेत, की आपल्या मशीनवर ठेवायच्या आहेत?

जागेवर वापरणं म्हणजे विहिरीवर जाऊन पाणी काढणं. सर्व्हरवरचं फोल्डर तुमच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसतं, पण फायली तिकडेच असतात. डिस्कवर जागा जात नाही. मात्र नेट गेलं की विहिरीची वाट बंद. याला माउंट करणं म्हणतात. दुसरा प्रकार सिंक, म्हणजे घरात रांजण भरून ठेवणं. फायलींची पूर्ण प्रत तुमच्याकडे असते, नेट नसतानाही काम चालतं, नेट आलं की बदल पोचतात. फक्त हा रांजण जरा विचित्र आहे: इथे सांडलं की विहिरीतलंही सांडतं. हे वाक्य पुढे कामी येणार आहे.

उदाहरण नेक्स्टक्लाउडचंच घेतलं आहे, कारण घरी क्लाउड चालवणाऱ्यांमध्ये तेच जास्त दिसतं. फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० साली ओनक्लाउड सुरू केलं आणि २०१६ साली त्यातून बाहेर पडून नेक्स्टक्लाउड काढलं. दोन्हींच्या पोटात फायलींची देवाणघेवाण वेबडॅव्ह या जुन्या प्रमाणित पद्धतीने होते. ती १९९९ सालची आहे, आणि लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक फाइल मॅनेजरला ती उपजतच येते.

एक खुलासा. टर्मिनलच्या आज्ञा आणि पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे.

आधी तीन गोष्टी गोळा करा

पत्ता, नाव आणि ॲप पासवर्ड, म्हणजे एकाच प्रोग्रामपुरता वेगळा बनवलेला पासवर्ड. या तिघांपैकी एक जरी चुकला तरी पुढच्या बहुतेक वाटा बंद होतात, त्यामुळे इथे घाई नको.

ब्राउझरमध्ये नेक्स्टक्लाउड उघडून फाइल्सच्या पानावर जा. डाव्या बाजूला अगदी तळाशी ‘फाइल्स सेटिंग्ज’ आहे. तिथे वेबडॅव्हचा पत्ता तयार लिहिलेला असतो, शेजारी कॉपी करायचं बटण. पत्त्याचा साचा असा:

एचटीटीपीएस://तुमचा-सर्व्हर/रिमोट.पीएचपी/डीएव्ही/फाइल्स/तुमचं-नाव/

हा हाताने टाइप करू नका. शेवटी जे नाव आहे ते सर्व्हरच्या आतलं नाव असतं, आणि ते तुम्ही लॉगिनला वापरता तेच असेल असं नाही. काहीजण ईमेल पत्ता टाकून आत जातात, पण आत त्यांचं नाव वेगळंच नोंदलेलं असतं. ऑफिसच्या यादीशी जोडलेल्या सर्व्हरवर तर तिथे नुसती आकडे-अक्षरांची माळ दिसते. जुन्या लेखांमध्ये ‘रिमोट.पीएचपी/वेबडॅव्ह’ असा आखूड पत्ता सापडतो. तो चालतो, पण मोठ्या फायली तुकड्यांत चढवण्याची सोय वरच्या लांब पत्त्यावरच मिळते.

आता पासवर्ड. नेहमीचा पासवर्ड इथे देऊ नका. उजवीकडे वर तुमच्या चित्रावर क्लिक करा, सेटिंग्ज, मग सिक्युरिटी. पानाच्या खाली उपकरणांची यादी आहे. तिथे एक नाव टाका, उदाहरणार्थ ‘ताई-मिंट’, आणि नवा ॲप पासवर्ड तयार करा. पाच-पाच अक्षरांचे पाच गट, मध्ये आडव्या रेघा, असा तो दिसतो. तो एकदाच दाखवला जातो, पान बंद केलं की गेला. दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू असेल तर नेहमीच्या पासवर्डाने वेबडॅव्ह चालतच नाही, ॲप पासवर्डच लागतो. चालू नसलं तरी हाच वापरा, आणि प्रत्येक वाटेसाठी, प्रत्येक मशीनसाठी वेगळा करा. का, ते शेवटी येईल.

आणि पत्ता ‘एचटीटीपीएस’नेच सुरू होतो ना, तेवढं बघा. वेबडॅव्हमध्ये पासवर्ड दर विनंतीबरोबर जातो आणि त्यावर कुलूप असं काही नसतं, नुसता वेगळ्या अक्षरांत लिहिलेला असतो. साध्या ‘एचटीटीपी’वर तो वाटेत कोणालाही वाचता येतो.

तिन्ही गोष्टी हातात आल्या की एक छोटी चाचणी. ब्राउझरमध्ये सर्व्हरच्या पत्त्यापुढे ‘/स्टेटस.पीएचपी’ जोडून पान उघडा. आवृत्तीचा क्रमांक असलेली एक ओळ दिसली तर सर्व्हर जागा आहे आणि तुमच्या मशीनवरून तिथवर वाट आहे. हे पान पासवर्ड मागत नाही, त्यामुळे ‘सर्व्हर पडलाय की माझा पासवर्ड चुकलाय’ या वादाचा निकाल इथेच लागतो.

पहिली वाट: फाइल मॅनेजर

काहीही इन्स्टॉल न करता होणारं काम. कधीमधी एखादी फाइल लागते, एवढीच गरज असेल तर इथेच थांबलात तरी चालेल.

ग्नोममध्ये, म्हणजे उबुंटू किंवा फेडोराच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर, फाइल्स उघडा. डाव्या पट्टीत खाली ‘अदर लोकेशन्स’ किंवा नव्या आवृत्त्यांत ‘नेटवर्क’ दिसेल. तिथे सर्व्हरचा पत्ता टाकायची चौकट आहे. मघाशी कॉपी केलेला पत्ता तिथे चिकटवा आणि सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ काढून ‘डीएव्हीएस’ करा. शेवटचा ‘एस’ विसरू नका. नाव आणि ॲप पासवर्ड द्या, ‘कायम लक्षात ठेव’ निवडा, झालं. पुढच्या वेळी हे सगळं नको असेल तर उघडलेल्या फोल्डरला बुकमार्क करून टाका.

ग्नोममध्ये याहून सोपी युक्तीही आहे: सेटिंग्जमधल्या ‘ऑनलाइन अकाउंट्स’मध्ये नेक्स्टक्लाउड निवडून खातं जोडा. फायली तर डाव्या पट्टीत येतातच, शिवाय कॅलेंडर आणि संपर्कही जोडले जातात.

लिनक्स मिंटच्या नेमोमध्ये फाइल मेनूत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. प्रकार ‘सिक्युअर वेबडॅव्ह’ निवडा, सर्व्हरच्या रकान्यात फक्त सर्व्हरचं नाव, पोर्ट ४४३, आणि फोल्डरच्या रकान्यात ‘/रिमोट.पीएचपी’पासून पुढचं सगळं. ताईने पूर्ण पत्ता सर्व्हरच्या रकान्यात कोंबला होता, आणि पंधरा मिनिटं आम्ही दोघं पासवर्डावर संशय घेत बसलो.

केडीई हा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी त्याच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एल दाबून पत्त्याची पट्टी उघडावी आणि ‘एचटीटीपीएस’च्या जागी ‘वेबडॅव्हएस’ लिहावं. एकच दार, पण ग्नोमकडे त्याचं नाव एक आणि केडीईकडे दुसरं. हा लिनक्सचा जुना स्वभाव आहे, मनाला लावून घेऊ नये.

या वाटेच्या मर्यादा दोन. एक, वेग. फोटोंच्या फोल्डरमध्ये शिरलात की फाइल मॅनेजर प्रत्येक फोटोचं छोटं चित्र बनवू पाहतो आणि त्यासाठी फोटो उतरवत बसतो. दूरच्या फायलींची चित्रं बनवणं फाइल मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये बंद करता येतं, ते करा. दोन, सगळ्या प्रोग्रामना ही जागा कळत नाही. ग्नोमच्या घरातले प्रोग्राम इथली फाइल सहज उघडतात, पण बाहेरच्या काहींना ती खरी डिस्क वाटतच नाही. मग ते फाइल आधी कुठेतरी उतरवतात, बदल तिथेच राहतो, आणि ‘हिशेब नवीन खरा’चा जन्म पुन्हा होतो. असा अनुभव आला की पुढची वाट धरा.

दुसरी वाट: नेक्स्टक्लाउडचा स्वतःचा प्रोग्राम

रोजचं काम असेल तर हीच वाट. मी चारही वापरतो, पण घरातल्या बाकी माणसांना हीच लावून देतो.

डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये पॅकेजचं नाव ‘नेक्स्टक्लाउड-डेस्कटॉप’. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधा, नाहीतर टर्मिनलमध्ये:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल नेक्स्टक्लाउड-डेस्कटॉप

वितरणातली आवृत्ती बऱ्याचदा जुनी असते. नवी हवी असेल तर नेक्स्टक्लाउडच्या साइटवरून ॲपइमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी एकच फाइल, उतरवा, तिच्या गुणधर्मांत ‘चालवण्याची परवानगी’ द्या आणि डबल क्लिक करा. उबुंटू २२.०४ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर डबल क्लिक करूनही काहीच झालं नाही तर ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज नसल्याची शक्यता मोठी. २४.०४ मध्ये त्याच्या नावापुढे ‘टी६४’ लागलं आहे.

फायलींवर हिरवी खूण, निळी खूण दिसायला हवी असेल तर फाइल मॅनेजरचं जोडपॅकेज वेगळं घ्यावं लागतं: ‘नॉटिलस-नेक्स्टक्लाउड’, ‘नेमो-नेक्स्टक्लाउड’ किंवा ‘डॉल्फिन-नेक्स्टक्लाउड’. चैन आहे, पण नवख्या माणसाला त्या खुणांनी धीर येतो.

प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की सर्व्हरचा पत्ता विचारतो. इथे वेबडॅव्हचा लांब पत्ता नाही, नुसता सर्व्हरचा. मग ब्राउझर उघडतो, तिथे लॉगिन करून ‘परवानगी द्या’ दाबलं की ॲप पासवर्ड आपोआप तयार होतो, हाताने करावा लागत नाही.

यानंतरच्या पडद्यावर घाईने ‘नेक्स्ट’ दाबू नका. काय सिंक करायचं हे तिथे ठरतं. आमच्या सर्व्हरवर कुटुंबाचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, स्कॅन केलेली जुनी कागदपत्रं असं बरंच काही आहे, आणि ताईच्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची. सगळं निवडलं असतं तर संध्याकाळपर्यंत डिस्क भरून मिंट रडायला लागलं असतं. फोल्डर निवडायचा पर्याय घ्या आणि फक्त कामाचे टिकवा. ५०० एमबीपेक्षा मोठं फोल्डर आलं तर आधी विचारायचं, असाही एक पर्याय आहे, तो चालू ठेवा.

स्थानिक फोल्डर कुठे असावं हेही इथेच ठरतं. नवं, रिकामं फोल्डर द्या. आधीच फायली असलेलं फोल्डर दिलंत तर प्रोग्राम विचारतो, आहे ते ठेवू की पुसून सर्व्हरवरून नव्याने भरू. दुसरं उत्तर दिलं की तुमच्या मशीनवरचं त्या फोल्डरमधलं सगळं खरोखर पुसलं जातं.

आता रांजणाचं ते वाक्य. डिस्कवर जागा कमी पडली म्हणून सिंक झालेलं फोल्डर फाइल मॅनेजरमधून डिलीट केलंत, तर ते सर्व्हरवरूनही जातं, आणि तिथून घरातल्या बाकी सगळ्यांच्या मशीनवरून. फक्त आपल्याकडचं काढायचं असेल तर प्रोग्रामच्या खिडकीत जाऊन त्या फोल्डरची खूण काढायची. मग तुमची प्रत जाते, सर्व्हरवरची राहते. चुकून डिलीट झालंच तर घाबरू नका: ब्राउझरमध्ये डाव्या बाजूला ‘डिलीटेड फाइल्स’ आहे. मूळ सेटिंगमध्ये तिथे वस्तू ३० दिवस राहतात आणि त्यानंतर जागा लागली की जातात.

एकच फाइल दोघांनी एकाच वेळी बदलली तर? प्रोग्राम कोणाचंही काम फेकत नाही. सर्व्हरवरची आवृत्ती मूळ नावाने ठेवतो आणि तुमची ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं लिहून, तारीख आणि वेळ लावून शेजारी ठेवतो. दोन्ही उघडा, जुळवा, नको ती काढा. अशा फायली वारंवार व्हायला लागल्या तर दोष प्रोग्रामचा नाही, घरात कोण कधी हिशेब लिहिणार हे ठरलेलं नाही.

दर वेळी संगणक सुरू झाला की पासवर्ड विचारला जात असेल, तर कीरिंग, म्हणजे पासवर्ड ठेवायची डेस्कटॉपची तिजोरी, बंद आहे. हा प्रोग्राम पासवर्ड ग्नोमच्या कीरिंगमध्ये किंवा केडीईच्या वॉलेटमध्ये ठेवतो. तुम्ही आपोआप लॉगिन चालू केलं असेल तर कीरिंगचं कुलूप उघडतच नाही. साधा इलाज म्हणजे आपोआप लॉगिन बंद करणं.

फोल्डरांचं जंगल फारच मोठं असेल, हजारो उपफोल्डर, तर बदल लगेच लक्षात येत नाहीत. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, एका वापरकर्त्याला ठरावीक फोल्डरांवरच पाळत ठेवू देतो. ‘/ईटीसी/सिस्कटीएल.डी’मध्ये एक फाइल करून ‘एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युजर_वॉचेस’ ही किंमत ५२४२८८ केली आणि मशीन पुन्हा सुरू केलं की प्रश्न मिटतो. नव्या कर्नलमध्ये ही मर्यादा मुळातच वाढवलेली आहे, त्यामुळे बहुतेकांना इथवर यावं लागणार नाही.

विंडोजवर याच प्रोग्रामात फायली नुसत्या नावापुरत्या दिसतात आणि क्लिक केल्यावर उतरतात. लिनक्सवर ती सोय प्रायोगिक म्हणूनच आली आणि मी तिच्यावर विसंबत नाही. तशी गरज असेल तर खालची वाट बघा.

तिसरी वाट: आरक्लोन

विहीर हवी, पण दाराशी एक हंडा भरलेला असावा, असं वाटणाऱ्यांसाठी. आरक्लोन सर्व्हरवरचं फोल्डर खऱ्या डिस्कसारखं माउंट करतं, त्यामुळे कुठलाही प्रोग्राम नखरे करत नाही, आणि नुकत्याच वापरलेल्या फायली काही काळ स्थानिक कॅशमध्ये धरून ठेवतं.

डेबियन १२ आणि उबुंटू २४.०४ मधलं आरक्लोन १.६० आवृत्तीचं आहे. नेक्स्टक्लाउडवर मोठ्या फायली तुकड्यांत चढवणं त्यानंतर, १.६३ मध्ये आलं. म्हणून आरक्लोनच्या साइटवरून डेब पॅकेज उतरवून तेच बसवा. सोबत ‘फ्यूज३’ हे पॅकेज लागतं.

जोडणीसाठी टर्मिनलमध्ये ‘आरक्लोन कॉन्फिग’ द्या. मग प्रश्नोत्तरं सुरू होतात. नव्या जोडणीसाठी ‘एन’. नाव विचारेल, ‘घर’ हा शब्द रोमनमध्ये लिहा. साठवणीचा प्रकार विचारल्यावर ‘वेबडॅव्ह’ असं टाइप करा. यादीतला क्रमांक देऊ नका, तो दर आवृत्तीत बदलतो. पत्ता म्हणून मघाचा लांब पत्ता चिकटवा. ‘व्हेंडर’साठी ‘नेक्स्टक्लाउड’. मग नाव, आणि पासवर्ड स्वतः द्यायचा म्हणून ‘वाय’. ॲप पासवर्ड दोनदा टाका, टाइप करताना पडद्यावर काही दिसणार नाही. टोकन रिकामं सोडा, प्रगत सेटिंग्जना ‘एन’, शेवटी ‘वाय’ आणि बाहेर पडायला ‘क्यू’.

चालतंय का ते बघा:

आरक्लोन एलएसडी घर:

शेवटचं विसर्गासारखं चिन्ह, म्हणजे कोलन, लागतंच. फोल्डरांची यादी आली की पुढचं काम दोन ओळींचं:

एमकेडीआयआर ~/विहीर
आरक्लोन माउंट घर: ~/विहीर --व्हीएफएस-कॅश-मोड फुल --डेमन

फोल्डरचं नाव देवनागरीतही ठेवता येतं, लिनक्सची काही हरकत नसते. ‘फुल’ या शब्दाला महत्त्व आहे. तो दिला नाही तर फाइलच्या मध्येच लिहिणारे प्रोग्राम, उदाहरणार्थ लिबरऑफिस, अडखळतात. मात्र या प्रकारात कॅशला मुळात वरची मर्यादा नसते. लहान डिस्क असेल तर ‘--व्हीएफएस-कॅश-मॅक्स-साइज ५जी’ जोडा.

बदल जतन केल्यावर आरक्लोन पाच सेकंद थांबतं आणि मग वर पाठवायला घेतं. म्हणजे ‘सेव्ह’ दाबून लगेच लॅपटॉप मिटलात तर बदल अजून कॅशमध्येच आहे. हरवत नाही, पुढच्या माउंटनंतर वर जातो, पण तोवर दुसऱ्या मशीनवर जुनीच फाइल दिसते. माउंट काढायचं असेल तर ‘फ्यूजरमाउंट३ -यू ~/विहीर’.

दर वेळी टाइप करायचा कंटाळा असेल तर मिंटच्या ‘स्टार्टअप ॲप्लिकेशन्स’मध्ये ही आज्ञा टाका आणि शेजारच्या विलंबाच्या रकान्यात २० सेकंद लिहा. विलंब नसेल तर वायफाय जोडलं जायच्या आतच आज्ञा चालते आणि गप्प बसते. मला हे कळायला आठवडा लागला.

एक गोष्ट लक्षात असू द्या: आरक्लोनच्या फायलीत पासवर्ड वेष बदलून ठेवलेला असतो, कुलपात नाही. ज्याच्या हाती ती फाइल लागेल त्याला तो काढता येतो. ‘आरक्लोन कॉन्फिग’मध्येच त्या फायलीला स्वतंत्र पासवर्ड लावायची सोय आहे, पण मग आपोआप माउंट करताना तोही द्यावा लागतो. घरच्या लॅपटॉपवर मी पूर्ण डिस्कला एन्क्रिप्शन करून हा प्रश्न मागे सारला आहे.

चौथी वाट: डेव्हएफएस२

जुनी, धिम्या चालीची, पण अजून कामाची, विशेषतः पडदा नसलेल्या मशीनवर. डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी ही वगळली तरी काही बिघडत नाही.

‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल डेव्हएफएस२’ दिल्यावर साध्या वापरकर्त्यांना माउंट करू द्यायचं का असं विचारलं जातं. हो म्हणा. मग स्वतःला त्या गटात घाला आणि लॉगआउट करून परत या:

सुडो युजरमॉड -एजी डेव्हएफएस२ तुमचं-नाव

‘-एजी’मधला ‘जी’ रोमन मोठा आहे. या लेखातला एकमेव मोठा, म्हणून वेगळं सांगितलं. तुमच्या होम फोल्डरमध्ये ‘.डेव्हएफएस२’ हे लपलेलं फोल्डर करा, त्यात ‘सीक्रेट्स’ नावाची फाइल, आणि त्यात एकाच ओळीत पत्ता, नाव, ॲप पासवर्ड, मध्ये एकेक जागा. तिची परवानगी ‘सीएचमॉड ६००’ने आवळा, नाहीतर प्रोग्राम ती वाचायलाच नकार देतो. शेवटी ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये ओळ:

लांब-पत्ता /होम/तुमचं-नाव/विहीर डेव्हएफएस युजर,आरडब्ल्यू,नोऑटो ० ०

पॅकेजच्या नावात २ आहे, पण या ओळीत नाही. आता ‘माउंट ~/विहीर’ एवढं पुरतं. फायली ‘लॉक झाली आहे’ असं म्हणून अडून बसल्या तर त्याच लपलेल्या फोल्डरमध्ये ‘डेव्हएफएस२.कॉन्फ’ फाइल करून ‘यूज_लॉक्स ०’ लिहा. काढताना ‘यूमाउंट’ बराच वेळ घेतं, कारण चढवायचं राहिलेलं ते तेव्हा चढवतं. मध्येच तोडू नका.

घराबाहेर पडल्यावर

घरातल्या वायफायवर सगळं छान आणि बाहेर गेल्यावर काहीच नाही, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. कारण बहुधा असं: नेट देणारी कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देते. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुम्ही अशा वाटणीत आहात, आणि राउटरवर कितीही पोर्ट उघडलेत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही.

मी टेलस्केल वापरतो, म्हणजे आपल्या मशीन एकमेकींना जोडणारं खाजगी जाळं. ते वायरगार्ड या व्हीपीएनवर उभं आहे आणि घरगुती वापराची फुकट योजना त्याला आहे. सर्व्हरवर बसवा, लॅपटॉपवर बसवा, दोन्हीकडे त्याच खात्याने लॉगिन करा. सर्व्हरला एक कायमचं नाव मिळतं आणि ते जगातून कुठूनही चालतं, घरातूनही. ‘टेलस्केल सर्व्ह’ने त्या नावाचं खरं प्रमाणपत्रही मिळतं, त्यामुळे ‘ही साइट असुरक्षित आहे’ची कटकट नाही. नव्या नावाने पहिल्यांदा उघडल्यावर नेक्स्टक्लाउड ‘हे नाव माझ्या विश्वासातलं नाही’ म्हणून अडवेल. सर्व्हरवरच्या ‘कॉन्फिग.पीएचपी’मध्ये ‘ट्रस्टेड_डोमेन्स’च्या यादीत ते नाव जोडा. आणि लॅपटॉपवरच्या सगळ्या वाटांमध्ये पहिल्यापासून हेच नाव वापरा, म्हणजे घरचं एक आणि बाहेरचं एक असा संसार होत नाही.

अडलं तर

त्रुटीचा आकडा ४०१ दिसला म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. सारखे प्रयत्न करू नका, नेक्स्टक्लाउड चुकीच्या प्रयत्नांनंतर मुद्दाम हळू उत्तर देतं आणि तुम्हाला वाटतं सर्व्हरच मेला. ४०४ बहुधा पत्त्यातल्या नावामुळे, पुन्हा कॉपी करा. ४१३ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी, सर्व्हरपुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज’ वाढवा. फाइल थेट सर्व्हरच्या डिस्कवर टाकली आणि ती कुठेच दिसत नाही, तर नेक्स्टक्लाउडला ती माहीतच नाही. सर्व्हरवर नेक्स्टक्लाउडची ‘ओसीसी फाइल्स:स्कॅन’ ही आज्ञा चालवावी लागते.

आणि एक अडचण खास आपली. लिनक्सवर फायलीचं नाव २५५ बाइटपर्यंत असू शकतं. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘मुंबई’ दिसायला तीन अक्षरं, पण पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. ‘महाराष्ट्र’ला ३०. म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. जुन्या पद्धतीने होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल तर मर्यादा १४३ बाइटवर येते, जेमतेम ४७ चिन्हं. आमच्याकडे ‘आजोबांच्या पंचाहत्तरीचे फोटो सगळ्यांनी पाठवलेले एकत्र’ हे फोल्डर माझ्या जुन्या लॅपटॉपवर का उतरत नाही याचं उत्तर हेच होतं.

‘ऱ’चीही एक गंमत आहे. युनिकोडमध्ये तो एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. जुन्या मॅकच्या डिस्कवर दुसरा प्रकार साठतो. त्यामुळे तिकडून आलेलं ‘कोऱ्या पावत्या’ आणि तुम्ही टाइप केलेलं ‘कोऱ्या पावत्या’ लिनक्सला दोन वेगळी नावं वाटतात. शोधात न सापडणारी फाइल डोळ्यांना दिसत असेल तर तिचं नाव पुसून नव्याने टाइप करून बघा.

राहिलं वेगवेगळ्या ॲप पासवर्डांचं. गेल्या दिवाळीत ताईचा लॅपटॉप एसटीत राहिला. मी फोनवरूनच सिक्युरिटीच्या पानावर गेलो. ‘ताई-मिंट’च्या ओळीतून तिची फाइल मॅनेजरची जोडणी तोडली. तिच्या सिंकच्या प्रोग्रामसाठी ‘वाइप’ निवडलं, म्हणजे तो प्रोग्राम पुढच्या वेळी नेटवर आला की स्वतःकडची प्रत पुसतो. आरक्लोन आणि डेव्हएफएस२ला ते जमत नाही, त्यांची फक्त जोडणी तोडता येते. बाकी कोणाच्या मशीनवर काहीही बदलावं लागलं नाही. लॅपटॉप तिसऱ्या दिवशी डेपोत सापडला. चालू केल्यावर फोल्डर रिकामं बघून ताई आधी माझ्यावर ओरडली, मग ब्राउझरमधून पुन्हा लॉगिन करून हिशेबाची फाइल उतरायची वाट बघत बसली.